लांबचा शिडप्रवास: तीन आठवडे पाणीच पाणी, वेळ घालवायचा कसा?

वाऱ्यामागे
आधी वेळ किती असतो ते बघू. कॅनरी बेटं ते कॅरिबियन अंतर सुमारे २७०० सागरी मैल. ३५-४० फुटी बोट व्यापारी वाऱ्यांत दिवसाला १२० ते १५० मैल कापते, म्हणजे १८ ते २३ दिवस. पॅसिफिकमध्ये गॅलापागोस बेटं ते मार्केसस बेटं साधारण ३००० मैल, तिथे अजून दोन-तीन दिवस धरा. वारा स्थिर असेल तर शिडांना दिवसदिवस हात लावावा लागत नाही आणि सुकाणू विंडव्हेन (वाऱ्याच्या जोरावर चालणारं सुकाणूयंत्र) नाहीतर ऑटोपायलट (विजेवर चालणारं) सांभाळतो. मग दिवसभर करायचं काय, असं विचारलं की पुस्तकं, सिनेमे, पत्ते अशी ठरावीक यादी मिळते.

त्या यादीवर भागत नाही. बोटीवरचा प्रत्येक तास सारखा नसतो. पहिले तीन दिवस खाली मान घालून काही करता येत नाही. वारा मागून असला की बोट दोन्ही बाजूंना लोळते आणि एक हात कायम आधारासाठी अडकलेला असतो. रात्री तीनला डोकं चालत नाही. वीज मोजून वापरावी लागते. त्यामुळे "काय करू?" विचारण्याआधी बोट किती डुलते आहे, जाग किती आहे आणि बॅटरी किती आहे ते बघावं.

सुरुवात वॉचपासून (पहाऱ्याच्या पाळीपासून) करतो, कारण झोप पुरी झाली नाही तर कुठलाच छंद टिकत नाही. तिघे असतील तर ३ तास वॉच आणि ६ तास मोकळे. या सहातले साडेचार तरी झोपेचे. दोघेच असतील तर रात्री ३-३ तास, दिवसा सैल. चौघांच्या दोन जोड्या असतील तर दिवसाचे ६-६ आणि रात्रीचे ४-४-४ असे पाच वॉच करा. पाच हा आकडा विषम, म्हणून जोड्यांची वेळ रोज आपोआप बदलते आणि मध्यरात्रीचा वॉच एकाच जोडीच्या गळ्यात पडत नाही. जुन्या जहाजांवर संध्याकाळी ४ ते ८ चा वॉच दोन तुकड्यांत मोडायचे तो याचसाठी. दिवसातून एक वेळ अशी ठेवा की सगळे जागे असतील. दुपारचं जेवण बरं पडतं.

आता इतरांनी भर घाला. मापं, कृती, काय बिघडतं आणि का, एवढंच. किस्से दुसऱ्या धाग्यावर.

ध्रुव_मत्स्य
माझं मत सेक्स्टंटला (सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची कोनात मोजायचं यंत्र). जीपीएस असताना कशाला, हा प्रश्न येईलच, पण रोज दुपारी अर्धा तास गुंतवणारं, आदल्या दिवशीपेक्षा बरं जमतंय का ते लगेच सांगणारं आणि वीज न खाणारं दुसरं काम बोटीवर नाही. मध्यान्हीचा सूर्य मोजून अक्षांश काढणं सगळ्यात सोपं, तिथूनच सुरुवात करावी.

१. सूर्य माथ्यावर कधी येणार त्याचा अंदाज घ्या. रेखांश भागिले १५ म्हणजे तास, पश्चिमेला असाल तर ते बारात मिळवा. ४५° पश्चिमेला असाल तर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) १५:०० च्या आसपास. वर्षभरात हे १६ मिनिटांपर्यंत पुढेमागे होतं, नेमकी वेळ नाविक पंचांगात मिळते. १५-२० मिनिटं आधीच कॉकपिटमध्ये (सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीत) बसा.

२. सूर्याकडे बघण्याआधी रंगीत काचा लावा, आधी सगळ्यात गडद. याला अपवाद नाही.

३. यंत्राची शून्यचूक तपासा. मापपट्टी शून्यावर ठेवून क्षितिज बघा, रेषा तुटक दिसली तर सरळ होईपर्यंत ड्रम फिरवा आणि आकडा वाचा. प्लास्टिकच्या सेक्स्टंटमध्ये ही चूक उन्हाने बदलते, म्हणून मोजणीआधी आणि मोजणीनंतरही तपासा.

४. सूर्याची खालची कड क्षितिजावर आणा आणि यंत्र डावी-उजवीकडे हलकेच झुलवा. सूर्य पाळण्यासारखा कमान काढतो. त्या कमानीचा सर्वांत खालचा बिंदू क्षितिजाला टेकला पाहिजे. झुलवलं नाही आणि यंत्र तिरपं राहिलं तर कोन नेहमी जास्तच येतो.

५. बोट लाटेच्या माथ्यावर असतानाच वाचा. दरीत असताना जे "क्षितिज" दिसतं ती शेजारची लाट असते, आणि मग कोन कमी येतो.

६. कोन वाढायचा थांबला, जरा रेंगाळला आणि उतरायला लागला की सर्वांत मोठा आकडा घ्या.

आता हिशोब. समजा आकडा आला ७१°२०′, शून्यचूक २′ वजा, राहिले ७१°१८′. डोळा पाण्यापासून २ मीटरवर असेल तर क्षितिज-नतीचे (डोळा उंचावर असल्याने क्षितिज खाली दिसतं, त्याचे) २.५′ वजा, ७१°१५.५′. सूर्याची अर्धी तबकडी १६′ मिळवा, वातावरणीय वक्रीभवनाचे ०.३′ वजा करा, उन्नतांश (क्षितिजापासून सूर्याची खरी उंची) ७१°३१.२′. हे ९०° मधून वजा केलं की १८°२८.८′. त्या तासाला सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) ३°००′ दक्षिण असेल आणि तुम्ही उत्तर गोलार्धात असाल तर ती वजा करायची. अक्षांश १५°२८.८′ उत्तर. सूर्य आणि तुम्ही विषुववृत्ताच्या एकाच बाजूला असाल आणि सूर्य तुमच्यापेक्षा विषुववृत्ताच्या जवळ असेल, तर क्रांती मिळवायची.

अक्षांशाचं १′ म्हणजे १ सागरी मैल, त्यामुळे चूक थेट मैलांत कळते. छोट्या बोटीवरून ५ मैलांच्या आत आलात तर हात बसला समजा. बरोबर ३०-३२ मैलांची चूक आली तर तबकडीचे १६′ मिळवण्याऐवजी वजा केलेत. बरोबर ६० ची आली तर अंश वाचताना घोटाळा.

रेखांश मध्यान्हीच्या क्षणावरून काढायला जाऊ नका, सूर्य माथ्यावर दोन-तीन मिनिटं हललेला दिसतच नाही. ४ सेकंदांची चूक म्हणजे रेखांशात १′. त्याऐवजी तासभर आधी एक कोन घ्या, सूर्य उतरताना पुन्हा तोच कोन येईल ती वेळ टिपा आणि दोन्ही वेळांचा मध्य काढा.

पहिलीचलाट
उत्तम. पण पहिल्या तीन दिवसांत हे जमेल का? मळमळ होत असताना आकडेमोड म्हणजे शिक्षाच.

ध्रुव_मत्स्य
नाही जमणार, तेव्हा करूही नका. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते.

निळी_रेषा
पहिल्या तीन दिवसांत कानाने करायच्या गोष्टीच ठेवायच्या. ध्वनिपुस्तकं, व्याख्यानं, भाषेचे पाठ, सगळं किनाऱ्यावरच उतरवून घेतलेलं. नजर क्षितिजावर आणि शक्य तर सुकाणू हातात. हाताने बोट चालवणाऱ्याला सहसा कमी लागतं, कारण पुढची हालचाल त्याला आधीच कळते. केबिनमध्ये बसून वाचणं सगळ्यात वाईट: कान म्हणतो हलतंय, डोळा म्हणतो स्थिर आहे. खाली जायचंच असेल तर सरळ आडवं व्हा, डोळे मिटा.

स्वयंपाकाची तयारीही किनाऱ्यावर करून ठेवा. वास आणि वाकून चिरणं या दोन गोष्टी एकदम आल्या की बरा असलेलाही पडतो.

दोरखंड
सेक्स्टंट छान आहे, पण माझ्या लेखी बोटीवरचा पहिला विरंगुळा म्हणजे सकाळची डेकफेरी. कंटाळा घालवायचा म्हणून करायची आणि तिच्यातूनच दिवसभराची कामं निघतात.

हार्नेस (सुरक्षापट्टा) लावून नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) मागच्या टोकापर्यंत एक चक्कर. डेकवर पडलेली पिन, नट, वॉशर शोधायचे. एखादा सापडला की तो कुठून पडला हे कळेपर्यंत दुसरं काम नाही. मग तपासा: शॅकलच्या (जोडकडीच्या) पिना, टर्नबकलच्या (तारा ताणायच्या स्क्रूच्या) स्प्लिट पिना, बूमचा (शिडाखालच्या आडव्या दांड्याचा) सांधा, विंडव्हेनचे दोर. दुर्बीण उलटी धरली तर भिंगासारखी चालते, तारांचे तुटके धागे तिने दिसतात.

व्यापारी वाऱ्यात दोर तुटतात ते ताणाने कमी, घासून जास्त. तोच दोर त्याच पुलीवर, त्याच जागी, हजारो वेळा पुढेमागे. म्हणून हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) रोज ५-१० सेंमी सैल किंवा घट्ट करा, म्हणजे घासण्याची जागा बदलते. शीट (शिडाचा कोन बदलायचा दोर) जिथे लाइफलाइनला (डेकच्या कडेच्या सुरक्षातारेला) टेकते तिथे चामडं नाहीतर जुन्या अग्निशामक पाइपाचा तुकडा शिवून टाका.

याला जोडून हातकाम:

तीन पेडी दोराला डोळा (टोकाचा कायमचा फास) विणणे. १२ मिमी दोर असेल तर २०-२५ सेंमी उलगडा, प्रत्येक पेडाच्या टोकाला टेप लावा, जिथे उलगडणं थांबवायचं तिथे सुतळीने बांधा. मग दोर वळवून पेड त्याच्याच पिळांखालून ओवा: मधला पेड आधी, मग डावा, मग दोर उलटा करून तिसरा. नवशिक्याचं तिसऱ्यालाच चुकतं: दोर उलटल्यावर तो पेडही पिळाच्या उलट दिशेनेच, म्हणजे उजवीकडून डावीकडे जायला हवा. पहिल्या फेरीनंतर दोराच्या एकेका खाचेतून एकेकच पेड बाहेर आलेला दिसला पाहिजे. दोन एकाच खाचेत असतील तर उसवा. नैसर्गिक धाग्याला तीन फेऱ्या पुरतात, नायलॉन-पॉलिएस्टर निसरडं, त्याला किमान पाच.

टोक बांधणे. मेणाचा दोरा, बांधणीची लांबी दोराच्या जाडीच्या दीडपट, म्हणजे १२ मिमीला १८ मिमी. नुसतं वितळवून सोडलेलं टोक कडक होतं, तडकतं आणि धार येऊन हात कापतं.

शीड शिवणे. फाटक्या जागेवर चिकटपट्टी लावण्याआधी मीठ गोड्या पाण्याने पुसून, वाळवून, मग स्पिरिट फिरवा. मीठ हवेतली ओल ओढतं, त्यावर लावलेली पट्टी एका रात्रीत सुटते. पट्टीचे कोपरे गोल कापा. मग कडेने नागमोडी टाके. हे काम कॉकपिटमध्ये, खाली वाऱ्याआड बसून करा. सुईला दोरा ओवून ठेवलेल्या चार-पाच सुया आधीच तयार असल्या की बरं, डुलत्या बोटीत सुई ओवण्यातच निम्मा वेळ जातो.

रात्रवॉच
दिवसाचं ठरलं. खरा प्रश्न रात्रीचा आहे. ३ तास एकटं, अंधार, झोप. काही लोक वॉचवर टॅबलेटवर सिनेमा बघतात. हिशोब बघा.

५० मीटरपेक्षा मोठ्या जहाजाचा डोलकाठीवरचा दिवा नियमानुसार किमान ६ मैलांवरून दिसायला हवा. जहाज २० नॉट्सने (तासाला २० सागरी मैल) समोरून येतंय, तुम्ही ६ नॉट्सने जाताय, एकमेकांकडे येण्याचा वेग २६. सहा मैल संपायला १४ मिनिटं. दिवा पहिल्यांदा दिसण्याच्या एक मिनिट आधी तुम्ही नजर फिरवून खाली बसलात, तर पुढचं सगळं याच वेळात व्हायचं. म्हणून दर १० मिनिटांनी उठून क्षितिजावर पूर्ण ३६० अंश नजर, शिडाच्या आडचा भागही वाकून. स्वयंपाकघरातलं टाइमर गळ्यात घाला. एआयएस (जहाजांची ओळख आणि स्थान कळवणारी रेडिओ यंत्रणा) आणि रडारचा गजर हवाच, पण मासेमारीच्या लहान होड्यांवर एआयएस असेलच असं नाही.

आता सिनेमा. अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि उजळ पडदा ते एका क्षणात घालवतो. म्हणजे दर १० मिनिटांनी तुम्ही उठता, पण दिसत काही नाही. वॉचवर पडदा नको, एवढंच माझं म्हणणं.

निळी_रेषा
पडद्याबद्दल सहमत. पण हेडफोनवर ऐकणं चालावं. नाहीतर पहाटे तीनला जागं राहणार कसं?

रात्रवॉच
एका कानात. समुद्री टक्कर-प्रतिबंधक नियमांतला पाचवा नियम नजरेने आणि श्रवणाने पहारा ठेवायला सांगतो, नुसत्या नजरेने नाही. जहाजाचा भोंगा तर आहेच, पण शिडाचा बदललेला आवाज, बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा) सुरू झाल्याची घरघर, खाली झोपलेल्याची हाक, हे सगळं कानानेच कळतं. संगीतापेक्षा बोलणं बरं, झोप कमी येते.

वाचायचंच असेल तर ई-रीडर, प्रकाश सगळ्यात कमी, किंवा मंद लाल दिवा. लाल दिव्यात नकाशावरच्या लाल-किरमिजी खुणा पुसट होतात, हे मात्र ध्यानात असू द्या.

ध्रुव_मत्स्य
रात्रीला तारे आहेतच की. दर रात्री एक नवा तारा ओळखायचा, एवढाच नेम ठेवा. मृगाच्या पोटातल्या त्रिकांडाचा वरचा तारा जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर आहे. तो जगात कुठूनही पूर्वेलाच उगवतो आणि पश्चिमेलाच मावळतो, त्यावर होकायंत्र ताडून बघता येतं. ध्रुवाची उंची म्हणजे तुमचा अक्षांश, फरक पाऊण अंशाच्या आत. दक्षिणेकडे जाताना तो रोज खाली सरकतो, विषुववृत्ताजवळ धुक्यात हरवतो, आणि समोर त्रिशंकू वर येतो. त्याचा लांब दांडा साडेचार पट वाढवला की दक्षिण ध्रुवबिंदू.

झोप येत असेल तर एक तारा शिडाच्या कडेला धरून हाताने बोट चालवा. पण एकच तारा पाऊण तास धरू नका, आकाश तासाला १५° फिरतं आणि तुम्हीही त्याच्यासोबत वळता.

बारा_व्होल्ट
विजेचं कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात.

ऑटोपायलट सरासरी ३ अँपिअर घेत असेल तर दिवसाला ७२ अँपिअर-तास. १०० वॉटचं सौर पॅनल बोटीवर, शिडाच्या सावल्या धरून, चांगल्या दिवशी ३००-४०० वॉट-तास देतं, म्हणजे १२ व्होल्टला २५-३३ अँपिअर-तास. म्हणजे नुसत्या ऑटोपायलटलाच असे दोन-तीन पॅनल लागतात. लॅपटॉपवर दोन तासांचा सिनेमा ३०-५० वॉट-तास, टॅबलेटवर १५-२०. ई-रीडरची आख्खी बॅटरीच ५-६ वॉट-तासांची आणि ती आठवडे जाते. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी वीज खातो, म्हणून सगळं १२ व्होल्टवरून थेट चार्ज करा.

विंडव्हेन असेल तर प्रश्नच मिटला, तो वीज घेत नाही. सिनेमा ठेवायचा तर दुपारी बॅटरी भरल्यावर, सगळ्यांनी मिळून, एकाच पडद्यावर.

आणि सगळी पुस्तकं एकाच यंत्रात ठेवू नका. मिठाचं पाणी चार्जिंगच्या भोकात गेलं की ते हिरवं पडतं. झाकणं लावा, ओल्या हाताने तार जोडू नका, दहा-बारा कागदी पुस्तकं बरोबर ठेवा.

वाऱ्यामागे
बारा_व्होल्ट, धन्यवाद. यावरून आठवलं, लॉगबुक. कंटाळवाणं काम म्हणून लोक टाळतात, पण दर तासाला स्थान, दिशा, वेग, वारा, बॅरोमीटर आणि बिल्जमधून किती पाणी उपसलं ते लिहिलं, तर तीन दिवसांत त्याची गोडी लागते. विशेषतः बॅरोमीटरचा आलेख कागदावर काढा. उष्ण कटिबंधात दाब दिवसातून दोनदा चढतो-उतरतो: स्थानिक वेळेनुसार सकाळ-रात्री दहाच्या सुमारास वर, पहाट-दुपार चारच्या सुमारास खाली. तुमच्या आलेखात ही लाट स्पष्ट उमटली की यंत्र आणि नोंदी दोन्ही बरोबर आहेत. ती लाट वजा करूनही दाब त्या ऋतूच्या सरासरीपेक्षा ३ हेक्टोपास्कलने खाली असेल तर चक्रीवादळाची शंका घ्या, ५ ने असेल तर ते जवळच आहे असं धरून चाला. छंद म्हणून काढलेला आलेख असा कामाला येतो.

दुसरं, घड्याळ. पश्चिमेला दिवसाला १५० मैल म्हणजे विषुववृत्ताजवळ अडीच अंश, म्हणजे सूर्य रोज १० मिनिटं उशिरा. सहा दिवसांनी घड्याळ तासभर मागे करा आणि तो जादा तास सगळे जागे असतानाच्या वेळेत घाला, कुणाच्या रात्रीच्या वॉचमध्ये नको. भांडणं टळतात.

रोज दुपारी बारा ते बारा किती मैल झाले याची पैज ठेवा. प्रत्येकाने सकाळी आठला आकडा चिठ्ठीवर लिहायचा. हरणारा भांडी घासतो.

गळवाला
मासेमारीबद्दल. रॉड नसला तरी चालतो. १०० किलो ताण सोसणारी मोनोफिलामेंट (एकाच धाग्याची मासेमारीची दोरी), ३०-४० मीटर, बोटीकडच्या टोकाला जाड रबरी दोर, तो क्लीटला (डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीला). रबर ताणलं गेलं की मासा लागला हे कळतं आणि झटक्याने दोर तुटत नाही. गळाजवळ मीटरभर जाड दोरा किंवा तार, दात असलेल्या माशांसाठी. ५-७ नॉट्सला आमिष पाण्यात राहतं, वेग वाढला तर ते उड्या मारतं, मग थोडं वजन लावा. पहाट आणि संध्याकाळ उत्तम.

दोर हाताला गुंडाळायचा नाही. कधीच नाही. हातमोजे घाला, बोट हळू करा, मासा दमल्यावरच ओढा. समुद्रपक्षी आमिषावर सूर मारायला लागले की दोर आत घ्या, गळ त्यांच्या चोचीत अडकतो. अंधार पडला की गुंडाळून ठेवा, एकट्या वॉचवाल्याने अंधारात मागच्या कठड्यावर वाकून मासा ओढणं हा वेडेपणा आहे. सारगॅसमचे (तरंगत्या समुद्री शेवाळाचे) पट्टे आले की सोडून द्या, दर पाच मिनिटांनी गवतच निघतं. मासा खाऊन संपण्याआधी दुसरा धरू नका.

पहिलीचलाट
आणि वारा पडला तर? विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्यात म्हणे चार-चार दिवस जातात.

दोरखंड
तिथे कंटाळ्यापेक्षा आदळणारी शिडं जास्त छळतात. वारा नाही, लाट आहे, बूम इकडून तिकडे. मुख्य शीड उतरवा किंवा बूम घट्ट बांधा, नाहीतर दोन दिवसांत शिवणी उसवतात. मग उलट मोठी कामं काढा: लॉकर रिकामे करणं, गंज काढणं, विंच (दोर ओढायची हँडलवाली चरखी) उघडून धुणं. विंच उघडताना भोवती पुठ्ठ्याचं खोकं तळ कापून बसवा, आतल्या स्प्रिंगा उडून पाण्यात जातात. पॉलच्या (विंच उलटी फिरू न देणाऱ्या खटक्यांच्या) स्प्रिंगांना हलकं तेल, दात्यांना ग्रीस. पॉलला ग्रीस लावलं तर ते चिकटून बसतात आणि हँडल उलटं फिरतं.

निळी_रेषा
पोहायचं असेल तर: शिडं खाली, शिडी लावलेली, मागे ३० मीटर तरंगता दोर आणि एकजण कायम बोटीवर. वाऱ्याची एक झुळूक आली तरी शिडाशिवायची बोट पोहणाऱ्यापेक्षा पुढे सरकू शकते.

याच दिवसांत एक चांगला प्रयोग करता येतो. ३० सेंमी व्यासाची पांढरी चकती, खाली वजन, दोराला दर मीटरला खूण. सावलीच्या बाजूने सोडायची, दिसेनाशी झाली ती खोली आणि वर घेताना पुन्हा दिसली ती खोली, दोन्हींची सरासरी. पाणी जितकं स्वच्छ निळं तितका आकडा मोठा, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) जास्त तितका लहान. दोर तिरपा जात असेल तर आकडा खोटा, म्हणून हे वारा पडल्यावरच. महिनाभराच्या प्रवासात पाण्याचा रंग आणि हा आकडा सोबत लिहीत गेलात तर पाण्यातलं जीवन कुठे दाट झालं ते वहीतच दिसतं.

बारा_व्होल्ट
वाद्यांबद्दल एक ओळ. स्टीलच्या तारा दोन आठवड्यांत गंजतात, नायलॉनच्या तारांचं युकुलेले टिकतं आणि बर्थच्या कोपऱ्यात मावतंही. गिटार उन्हाने तापलेल्या डेकखाली ठेवली तर सांध्यांचा गोंद सुटतो.

रात्रवॉच
खेळांत चुंबकीय बुद्धिबळ आणि खुंट्यांचे पट. फासे झाकणाच्या पारदर्शक बरणीत घाला आणि बरणीच हलवा. पत्ते कॉकपिटमध्ये नेऊ नका, पहिल्या झुळकीला एक पान गेलं की आख्खा जोड वाया. विणकामाला धातूच्या दोन सुट्या सुया नकोत, वायरने जोडलेल्या बांबूच्या घ्या, म्हणजे बोट लोळली तरी घरंगळत नाहीत. क्रोशा त्याहून सोयीचा: एकच सुई, आणि हाक आली की एकच टाका धरून ठेवायचा.

पहिलीचलाट
जलरंग समुद्राच्या पाण्यात चालतील का? गोडं पाणी मोजून असणार.

निळी_रेषा
नको. मीठ कागदावर वाळून खडे धरतं, रंग फाटतो, आणि कागद नंतर कायम ओलसर राहतो. पाण्याची टाकी असलेला ब्रश घ्या, ५-१० मिली गोड्या पाण्यात एक पान होतं. ब्रश धुण्याऐवजी कापडाला पुसा. कागद स्पायरल वहीचा, दोन क्लिपांनी दाबलेला, आणि वापर झाला की झिप पिशवीत.